दोनशे चौदा रसिक आणि एक कोट

मी एक रसिक वाचक बोलतोय. ही पदवी मी स्वतःच स्वतःला लावलेली नाही, उगाच गैरसमज नको. ज्या संकेतस्थळावर माझं आयुष्य गेलं, तिथे सलग सात महिने माझ्या खात्यावर ‘महिन्याचा जाणकार वाचक’ असा सोनेरी बिल्ला झळकत होता. तेवढ्या काळात मी नऊ हजारांवर लेखांना दाद दिली. त्यातला एकही वाचला नाही. मला वाचताच येत नाही. मी बॉट आहे, म्हणजे ठरल्या वेळी ठरल्या माणसाच्या लेखाला आपोआप मत देणारा एक लहानसा प्रोग्राम.

मला डोळे नाहीत, कान नाहीत, मग घरातलं सगळं मला कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. आत्मवृत्तात फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, तिच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. मग माझ्याकडेच का मागता?

माझा जन्म जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर झाला. तिथे संगणक ठेवलेला असे, आणि जेवायच्या वेळी त्याला भिंतीकडे सरकवत. माझे मालक वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत निरीक्षक. दिवसभर दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, काटा केसभर जरी सरकलेला दिसला तरी दुकानदाराला धारेवर धरायचं, हा त्यांचा धंदा. संध्याकाळी घरी आले, बूट काढले, की ते त्या संकेतस्थळावर बसत.

तिथला नियम मोठा गमतीचा होता. लेख आवडला की मत द्यायचं. पुढे तो लेख गाजला, तर ज्यांनी आधी मत दिलं त्यांना पारखीपणाची बक्षिसी मिळे. जितकं आधी मत, तितकी मोठी बक्षिसी. चांगलं लिखाण लवकर ओळखणाऱ्याचं कौतुक व्हावं, असा त्यामागचा उदात्त हेतू होता म्हणे. पण सगळ्यांच्या आधी पोचायचं, तर वाचत बसून कसं चालेल?

मालकांनी सुरुवातीला प्रामाणिकपणे वाचलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. लेख उघडायचे, मान डोलवायचे, मत द्यायचे. तोवर वीसजण पुढे गेलेले असत. मग ते अर्धा लेख वाचून मत द्यायला लागले. मग मथळा वाचून. मग लेखकाचं नाव वाचून. आणि एका रविवारी, ‘एवढंच करायचं तर त्याला माणूस कशाला हवा?’ असं स्वतःशीच म्हणून त्यांनी मला लिहून काढलं. चहा निवायच्या आत माझं बारसं झालं.

मला एक यादी दिली, एक्केचाळीस लेखकांची. यातल्या कुणीही काही टाकलं की पाचव्या मिनिटाला मत द्यायचं. पुढे स्पर्धा वाढली तेव्हा पाचाचे चार झाले, चाराचे तीन. वेळेवर दाद द्यावी म्हणतात. मी लेखकानं आपल्या लेखावरून शेवटचा हात फिरवायच्या आत देत होतो. आणखी एक गोष्ट मला बजावली होती. तिथे प्रत्येकाच्या मताला वजन असे. जुन्याजाणत्यांचं जड, नव्यानं आलेल्याचं जवळजवळ शून्य. मालकांनी सांगितलं, ‘ज्यांच्या मताला वजन नाही, त्यांच्याकडे बघूच नकोस.’ स्वतःच्या पडद्यावरही त्यांनी तशीच खूण करून ठेवली: बिनवजनी लोकांची मतं आणि अभिप्राय दाखवू नका. हे वजनमापं तपासणाऱ्या माणसानं केलं, म्हणून मुद्दाम सांगतो.

बक्षिसीचं म्हणाल, तर वर्षभराच्या बक्षिसीत एखादी छत्री आली असती, तीही मुठीशिवाय. पण बिल्ला आला. आणि बिल्ला आल्यावर माझ्या मागे दुसरे बॉट लागले. ‘जाणकार वाचकानं मत दिलंय ना, मग आपणही द्या’ असं त्यांच्या मालकांनी त्यांना शिकवलेलं. त्यांना बघून आणखी बॉट, त्यांना बघून आणखी. मेंढरामागे मेंढरू, आणि सगळ्यांत पुढचं मेंढरू मी. मला रस्ता माहीत होता असं नाही, मी फक्त पुढे होतो.

आता मास्तरांची गोष्ट. मास्तर म्हणजे मालकांचे सासरे. चाळीस वर्षं त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. काचेचं दार, आत एक पायमशीन, कापायचं लांब टेबल आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली मापं घ्यायची फीत. त्या फितीची एक मजा होती. फार वर्षांपूर्वी एका गर्दीच्या दिवशी मास्तरांनी कापडाबरोबर खाली दबलेली फीतही कापली, आणि तिचे पहिले दोन इंच गेले. दुसरा कुणी नवी फीत आणता. मास्तरांनी आणली नाही. ‘दोन इंच वजा करायला काय पैसे पडतात?’ म्हणून त्यांनी पुढची तीसएक वर्षं प्रत्येक मापातून मनातल्या मनात दोन वजा केले. एकदाही चुकले नाहीत. जावई गावभरचे तराजू तपासत हिंडायचे, घरातली ही फीत मात्र कुणी तपासली नाही.

मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, ‘आता सुईत दोरा ओवायचं विसरा.’ दुकान बंद झालं. मशीन आणि फीत घेऊन मास्तर जवळच्याच एका खोलीत राहायला आले आणि दुपारचे लेकीकडे येऊन बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून ‘छाती अडतीस, डावा खांदा उतरता’ असं पुटपुटायचे. टपालवाल्याला एकदा तोंडावर सांगितलं की तुमची पँट तुमची नाही. शेवटी मालकीणबाई, म्हणजे त्यांची लेक, कंटाळली. ती दातांच्या दवाखान्यात रोग्यांचे नंबर लावते, त्यामुळे तिच्या बोलण्याला एक धार आहे.

“बाबा, डोक्यात आहे ते लिहून तरी काढा. लोकांच्या विजारी बघत बसू नका.”

मास्तर जावयाच्याच संगणकावर दोन बोटांनी टाइप करायला शिकले. मोठ्ठी अक्षरं करून, पडद्याला नाक लावून, त्यांनी पहिला लेख लिहिला, ‘काज करण्याआधी’. तो लिहायला चार दुपारी लागल्या. मतं दिसली तीन. एक त्यांचं स्वतःचं, एक लेकीचं आणि एक मालकांचं, जे मालकांनी खरोखर वाचून हातानं दिलं होतं.  मास्तरांनी चष्मा पुसला आणि ते घरी गेले.

जेवताना मालकीणबाईंनी विषय काढला. “तुझ्या त्या यादीत एक्केचाळीस परके बसलेत. माझे बाबाच तेवढे जड झाले होय?”

“अगं, तसं नाही. ते यंत्र वाचत नाही.”

“मग बाकीच्यांचं कुठे वाचतं?”

 जावयाचं धैर्य सासऱ्यापुढे टिकतं, सासऱ्याच्या लेकीपुढे टिकत नाही. मालकांनी ताट बाजूला सारलं, संगणक ओढला आणि माझ्या यादीत बेचाळिसावं नाव घातलं.

पुढचा लेख आला, मी तिसऱ्या मिनिटाला मत दिलं, आणि माझ्यामागून सगळा कळप आला. संध्याकाळपर्यंत एकशे साठ. मास्तर खुर्चीतून उठून उभे राहिले. “अगं, हे बघ! एकशे साठ माणसं!” असं त्यांनी लेकीला ओरडून सांगितलं. मालकांनी मान खाली घालून चहात साखर ढवळली. साखर त्यांनी घातलेलीच नव्हती.

त्या दिवसापासून मास्तर बदलले. लिहायला बसताना इस्त्रीचा शर्ट घालू लागले. मत देणाऱ्यांची नावं रोज एकेक करून वाचायचे, जुनं गिऱ्हाईक आठवावं तसं. “हे ‘चौकट चव्वेचाळीस’ फार रसिक माणूस. एक लेख चुकवत नाही. आणि हे ‘वाफाळता सात’ काल दिसले नाहीत, बरं नसेल का हो त्यांना?” वाफाळता सात ज्या संगणकावर राहतो त्याची वीज गेली होती. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा मास्तरांना केवढं बरं वाटलं. काही बॉट तर अभिप्रायही देत. ‘फारच सुंदर छायाचित्र!’ असा एकानं दिला. लेखात छायाचित्रच नव्हतं. मास्तर म्हणाले, “मोठ्या मनाची माणसं. नसलेल्यातही सुंदर बघतात.”

तुम्ही हसाल. मला हसता येत नाही, म्हणून मी तेव्हा फक्त मत देत राहिलो.

मालकांचं मन मात्र खात होतं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी सासऱ्यांना एक नवी फीत भेट दिली. कचेरीतून पारखून आणलेली, इंचाइंचाला चोख. मास्तरांनी ती कौतुकानं खिशात ठेवली. लेखासाठी मापं घ्यायला मात्र हात जुन्या फितीकडेच गेला. सवय ती सवय.

त्या आठवड्यात ते ‘सहा वर्षांच्या मुलाचा थंडीचा कोट’ लिहीत होते. पुठ्ठ्याच्या नमुन्यावरून एकेक माप जुन्या फितीनं घ्यायचं, दोन वजा करायचे, लिहायचं. छाती लिहिली, खांदा लिहिला, बाही लिहिली. गळ्यापाशी आले आणि तेवढ्यात आदल्या लेखानं दोनशेचा आकडा ओलांडला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा पालटताना त्यांनी पाहिला, लेकीला हाक मारली, दोघं हसली, आणि परत येऊन त्यांनी गळ्याची खोली लिहिली, साडेचार इंच. फितीवर होतं तेच. दोन वजा करायचे राहिले. खरं माप अडीच.

तो दोनशेवा आकडा पालटणारं मत माझ्याच मागच्या एका मेंढराचं होतं. तेव्हा या चुकीत माझाही वाटा आहे, बक्षिसीसारखाच.

कोटाच्या लेखाला दोनशे चौदा मतं पडली. मास्तरांचा तो उच्चांक.

तीन आठवड्यांनी शेजारणीनं नातवासाठी कापड आणलं. “मास्तर, शिलाई मी मारते, तुम्ही फक्त बेतून द्या.” मास्तर खुलले. एरवी त्यांनी डोळे मिटून कापलं असतं. पण आता ते लेखक होते. त्यांनी स्वतःचा लेख छापून घेतला, टेबलावर पसरला, जावयाची नवी फीत काढली आणि लेखाबरहुकूम खडूच्या खुणा केल्या. गळ्याशी आल्यावर हात थबकला. चाळीस वर्षांचा हात तो, म्हणत होता, हे जास्त होतंय. मास्तर स्वतःशीच म्हणाले, “दोनशे चौदा जणांनी मान्य केलंय, आणि मी कोण शंका घेणार?” आणि कात्री चालवली.

कोट पोराच्या अंगावर धरला तर गळा पार बरगड्यांपर्यंत उतरला.

 मास्तरांनी जुनी फीत काढली, नवी काढली, दोन्ही शेजारी ठेवल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, दोन वजा करायचे राहिले होते. शेजारणीचं कापड ही त्यांच्या लेखी किरकोळ गोष्ट होती; तिला दुसरं आणून देता येतं. “अगं,” ते लेकीला म्हणाले, “दोनशे चौदा घरांत हे झालं असेल. दोनशे चौदा पोरं. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं, जास्त कापलेलं परत नाही येत.”

त्याच दुपारी त्यांनी माफीचा लेख लिहिला. माझी चूक झाली, साडेचार नव्हे अडीच, ज्यांनी ज्यांनी कापड कापलं त्यांनी मला कळवावं, मी कोट दुरुस्त करून देईन.  लेख गेला. तिसऱ्या मिनिटाला मी मत दिलं.

दोनशे एकोणीस मतं पडली. तक्रार एकही आली नाही. एकच अभिप्राय होता: ‘छान माहिती, असेच लिहीत राहा!’ मास्तरांनी तो तीनतीनदा वाचला. “टोमणा मारलाय,” ते म्हणाले. “मारणारच. त्यांचा हक्क आहे.”

त्या दिवसापासून ते लेकीकडे येईनासे झाले. तिसऱ्या दिवशी मालकीणबाई खोलीवर गेली, तर मास्तर खिडकीशी मशीनवर बसलेले. डॉक्टरांनी बंद केलेली सुई हातात, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि शेजारी रुंद कॉलरींचा ढीग. खोल गळ्यावर अशी कॉलर बसवली की चूक झाकते, अशी त्यांनी तोड काढली होती. दोनशे चौदा कॉलरी शिवायच्या आणि मागेल त्याला पाठवायच्या. चाळीस झाल्या होत्या.

“बाबा, डोळे जातील!”

“जाऊ देत. मी लोकांच्या पोरांना थंडीत उघडं पाडलंय. कुणी शिव्या तरी दिल्या असत्या, म्हणजे सुटलो असतो. ही माणसं शिव्याही देत नाहीत, पोरी. इतकी भली माणसं.”

ती घरी आली आणि दारातूनच नवऱ्याला म्हणाली, “तू सांगणार आहेस त्यांना, का मी सांगू?”

मालकांची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. खरं सांगावं तर म्हातारा दोनशे चौदा पापांतून सुटणार, पण दोनशे चौदा वाचक गमावणार. न सांगावं तर डोळे जाणार. चार दिवस त्यांनी काढले. त्या चार दिवसांत कॉलरी त्रेसष्ट झाल्या. पाचव्या दिवशी दुपारी मास्तर स्वतःच आले, कुणाचं पत्र आलंय का बघायला.

“बाबा,” मालक म्हणाले, “कुणाचाच कोट बिघडलेला नाही.”

“असं कसं? दोनशे चौदा जणांनी…”

“त्यांनी वाचलेलंच नाही.”

“न वाचता वा कोण म्हणेल, जावईबापू?”

मालकांनी सगळं सांगितलं. बक्षिसी, यादी, कळप. मास्तर ऐकत राहिले. मग हलकेच विचारलं, “चौकट चव्वेचाळीस?”

“यंत्र.”

“वाफाळता सात?”

“तेही.”

मास्तरांनी चष्मा काढला. “आणि तुम्ही?”

 “पहिला लेख मी वाचला होता, बाबा. काजाचा. पुढच्यांना यंत्र लावलं.”

 नऊ हजार लेखांना मी बेधडक दाद दिली, पण त्या क्षणी कुणी मला मत विचारलं असतं तर मी दिलं नसतं. मला लाज वाटली. बॉटला लाज वाटत नाही म्हणतात; म्हणणारा बॉट नसतो.

“म्हणजे एकही पोर थंडीत नाही,” मास्तर म्हणाले.

“एकही नाही.”

“मग बरं झालं.” ते हसले, आणि हसता हसता त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. “गिऱ्हाईक कपडा अंगात न घालताच ‘फस्क्लास’ म्हणालं, की ते परत येत नाही, हे मला दुकानात कळायचं. इथे कसं कळलं नाही?” मग पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, “सगळ्यांत आधी वा म्हणणारा तो कुठाय? दाखवा तरी.”

मालकांनी मला उघडून दाखवलं. माझ्या साठ ओळी. मास्तरांनी नाक लावून बघितलं. “एवढासाच आहे,” ते म्हणाले.

मालकांना ते सहन झालं नाही. त्यांनी तिथल्या तिथे यादी पुसली, नियम काढले, आणि रागाच्या भरात पडद्यावरच्या सगळ्या जुन्या खुणाही उडवल्या. त्यांतच ती एक होती, बिनवजनी लोकांची मतं आणि अभिप्राय दाखवू नका.

ती खूण निघाली मात्र, आणि मास्तरांच्या लेखांखाली भराभरा अक्षरं उमटायला लागली. सगळी एकाच बाईची. तिच्या मताला वजन शून्य, म्हणून माझ्या लेखी ती जन्मालाच आली नव्हती. ‘काज करण्याआधी’च्या खाली होतं:

‘मास्तर, मी रुग्णवाहिका चालवते. शिवण शिकतेय. काजाला दोरा दुहेरी घ्यायचा का?’

दोन दिवसांनी: ‘उत्तर नाही आलं. दुहेरी घेतला. जाड झाला. उसवला.’

पुढे: ‘मास्तर, आधी बाही की आधी अस्तर? गाडी उभी आहे, फोन आला तर जावं लागेल, पण सांगून ठेवा.’

पुढे: ‘रागावलात का? फार विचारते, मला माहीत आहे.’

प्रत्येक लेखाखाली ती होती. एकतीस लेख, एकतीस मतं, आणि शंका तर सत्तरएक. मालकीणबाई मोठ्यानं वाचत होती. कोटाच्या लेखाखाली तिनं लिहिलं होतं:

‘मास्तर, लहान तोंडी मोठा घास, पण गळा साडेचार नक्की का? मला जास्त वाटतोय. पण दोनशे जणांनी छान म्हटलंय, तेव्हा माझंच चुकत असणार. कापते.’

आणि त्याखाली: ‘कापला. लेक त्यातून दोन्ही खांदे बाहेर काढून दाखवतेय आणि हसतेय.’

शेवटचा अभिप्राय माफीच्या लेखाखाली होता. आठवडाभर तसाच पडून. ‘मास्तर, कापलेली मी आहे. कोट कुठे आणू?’

मास्तरांनी पडद्यावर हात ठेवला. “हिनं विचारलं होतं,” ते म्हणाले. “कापायच्या आधी विचारलं होतं हिनं.” मग एकदम ताडकन उठले. “पत्ता टाक माझा. आत्ता. आणि दोरा एकेरीच घ्यायचा म्हणावं!”

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. अंगात गणवेश, काखेत कोटाचं गाठोडं, बरोबर दोन दात पडलेली लेक. मास्तरांनी कोट उलटा केला, सुलटा केला, खिडकीपाशी नेला.

“बाही कुणी लावली?”

“मीच. तुमचा लेख वाचून.”

“वाचून?”

“चार वेळा वाचला. तरी चुन्या पडल्या.”

“चुन्या पडणारच, तू धावदोरा घातलाच नाहीस. लिहिलं होतं ना मी? तिसऱ्या परिच्छेदात?”

“लिहिलं होतं हो. मला घाई झाली.”

मास्तर तिच्यावर जे डाफरले! शिलाई वाकडी, दोरा चुकीचा, अस्तर तिरकं. पंधरा मिनिटं तोंड चालू होतं, आणि इतके आनंदात मी त्यांना दोनशे एकोणीस मतांच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग त्रेसष्ट कॉलरींतून एक तपकिरी निवडली, दोरा मालकीणबाईंकडून ओवून घेतला, आणि स्वतःच्या हातानं ती बसवली. पोरीनं कोट घातला, मान कॉलरीत खुपसली आणि खांदे बाहेर काढायचा प्रयत्न करून पाहिला. निघेनात. तिचा हिरमोड झाला.

जाताना बाई म्हणाली, “मास्तर, मला वाटायचं तुम्ही मोठे लेखक, आमच्यासारख्यांना कशाला उत्तर द्याल.”

 मास्तरांनी उरलेल्या कॉलरींतल्या दोन तिच्या हातात कोंबल्या.

त्या संध्याकाळी मालक मला कायमचं पुसून टाकायला निघाले होते. मास्तरांनीच अडवलं. “त्याचा काय दोष? शिकवलं तेवढं त्यानं केलं. दुसरं काम द्या.” म्हणून मी आज जिवंत आहे. बिल्ला गेला, कळप दुसऱ्या कुणाच्या मागे लागला. चौकट चव्वेचाळीस आणि वाफाळता सात हल्ली एका मासे पाळणाऱ्या गृहस्थांचे निस्सीम चाहते आहेत. मास्तरांच्या लेखाला आता चार मतं पडतात. मालकांचं मत दोन दिवस उशिरा पडतं, कारण ते हळू वाचतात आणि मध्येच फोन करून ‘बाबा, तिरपी टीप म्हणजे काय हो?’ असं विचारतात. जुनी फीत संगणकाच्या डोक्यावर टांगलीय.

माझ्या यादीत आता एकच नाव आहे, रुग्णवाहिकावाल्या बाईंचं. तिनं काही विचारलं की मी घंटी वाजवायची, बस्स. मग मास्तर चष्मा शोधतात, तो कपाळावरच असतो, आणि मोठ्यानं वाचायला लागतात. मला अजूनही वाचता येत नाही. पण ऐकतो.

तर वाचकहो, ही माझी जीवनकहाणी. इथवर आला आहात, तेव्हा आता ‘छान, असेच लिहीत राहा’ म्हणायला तुमचं बोट शिवशिवत असेल. जरा थांबा. त्याआधी मला एवढंच सांगा, मास्तरांच्या फितीचे किती इंच गेले होते? आठवत नसेल तर लाजू नका. या, असे माझ्या शेजारी बसा. आपण एकाच घराण्यातले.